विद्यापीठांनी वेस ओलांडावी

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी सुरू झाली. स्वायत्त महाविद्यालयांनी ती एक वर्ष आधीच स्वीकारली होती. या धोरणाची चर्चा मुख्यतः पदवी तीन वर्षांची की चार वर्षांची, विषय कोणते निवडायचे, मध्येच शिक्षण थांबवता येईल का, या प्रश्नांभोवती फिरत राहिली. पालकांच्या दृष्टीने हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. मात्र नव्या आराखड्यातील एका तरतुदीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना आता पदवीच्या श्रेयांकांत स्थान मिळाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांच्या सामाजिक दायित्वाविषयी एक मार्गदर्शक आराखडा प्रसिद्ध केला होता व त्यासाठी दोन श्रेयांकांचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुचवला होता. म्हणजे समाजाकडे जाणे ही विद्यार्थ्याच्या हौसेची गोष्ट न राहता त्याच्या शिक्षणाचा भाग ठरली आहे.

या तरतुदीचे स्वागत करताना एक भीतीही मनात येते. हजारो विद्यार्थी, शेकडो महाविद्यालये आणि दोन श्रेयांक असे गणित जेव्हा कार्यालयात मांडले जाते, तेव्हा त्याचे उत्तर बहुधा फायलींच्या गठ्ठ्यात निघते. गावातील सर्वेक्षण झाले, अहवाल बांधला, छायाचित्र जोडले, सही झाली, गुण मिळाले. विद्यार्थी मोकळा, प्राध्यापक मोकळे आणि गाव होते तेथेच. धोरणाचे यशापयश ठरेल ते याच ठिकाणी. परिवर्तनाचा आदेश काढणे सोपे असते; परिवर्तन रुजवणे ही वेगळी विद्या आहे आणि तिची तयारी आपल्या विद्यापीठांनी अद्याप केलेली नाही.

आपली विद्यापीठे समाजापासून दूर का राहिली, याचे मूळ त्यांच्या जन्मातच आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, त्यांच्यापुढे नमुना होता लंडन विद्यापीठाचा. आरंभीच्या काळात ही विद्यापीठे स्वतः शिकवत नव्हती. महाविद्यालयांना संलग्नता द्यायची, परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या वाटायच्या, एवढेच त्यांचे काम होते. परकीय राज्यकर्त्यांना हवा होता तो प्रशासनात उपयोगी पडणारा सुशिक्षित वर्ग. त्याच विद्यापीठातून न्यायमूर्ती रानड्यांसारखे लोकोत्तर पुरुष निघाले हे खरे. परंतु ते त्या व्यवस्थेच्या हेतूमुळे नव्हे, तर स्वतःच्या तपश्चर्येमुळे. पुढे शिकवणारे विभाग आले, संशोधन आले, स्वातंत्र्य आले. तरीही विद्यापीठाच्या यंत्रणेचा केंद्रबिंदू परीक्षा हाच राहिला. आजही निकाल लांबला की कुलगुरूंना जाब विचारला जातो. विद्यापीठाच्या परिसरातील तालुक्यात पाणी का नाही, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही.

म्हणूनच महाराष्ट्रात समाजासाठी शिक्षण उभे करणाऱ्यांना विद्यापीठांच्या चौकटीबाहेर जावे लागले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्याला सरकारी मान्यता नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिकण्याची वाट बहुजनांच्या मुलांना दाखवली. या दोघांनीही आधी समाजाची गरज पाहिली आणि मग संस्थेचा आकार ठरवला. आपल्या विद्यापीठांत क्रम उलटा आहे. आकार ठरलेला आहे आणि त्यात समाजाला कोठे बसवायचे याचा शोध सुरू आहे.

हा शोध आजचा नाही. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९४९ मध्येच ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली होती. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने समाजसेवा हा शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्याचा भाग असावा अशी शिफारस केली. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता, त्या १९७३ साली या योजनेची विशेष शिबिरे दुष्काळाशी लढण्याच्या कामासाठी योजली गेली. महाविद्यालयीन तरुणांनी त्या काळात जी कुदळ हाती घेतली, तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. आजही अनेक कार्यक्रम अधिकारी पदरमोड करून सात दिवसांचे शिबिर मनापासून घेतात आणि त्या सात दिवसांत एखाद्या विद्यार्थ्याच्या आयुष्याची दिशा बदलून जाते.

पण प्रामाणिकपणे पाहिले तर या योजनेची मर्यादाही स्पष्ट दिसते. ती शिक्षणाच्या शेजारी उभी राहिली, शिक्षणात शिरली नाही. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे. पण त्या कामाचा त्याच्या अर्थशास्त्राच्या, रसायनशास्त्राच्या किंवा मराठीच्या अभ्यासाशी काही संबंध नाही. शिबिरात त्याने विहिरीचे पाणी प्यायले, वर्गात परत येऊन पाण्याच्या कठिणपणाची व्याख्या पाठ केली; त्या दोन पाण्यांची भेट झालीच नाही.

दुसरा अनुभव अधिक बोलका आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांतून पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. हेतू उदात्त होता. विद्यार्थ्याने परिसरातील नदी, टेकडी, ओढा पाहावा आणि त्यावर प्रकल्प लिहावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात काय झाले, हे प्रत्येक महाविद्यालयाशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानदाराला विचारावे. गेल्या वर्षीचा प्रकल्प यंदाच्या मुखपृष्ठासह तेथे मिळू लागला. नदी न पाहता नदीवर गुण मिळाले. नद्यांची अवस्था आपल्यासमोर आहे. दोष विद्यार्थ्याचा म्हणावा, तर त्याला नदीवर नेण्यासाठी कोणाची नेमणूक होती? दोष प्राध्यापकाचा म्हणावा, तर एका प्राध्यापकाकडे किती विद्यार्थी होते आणि नदीवर घालवलेला दिवस त्याच्या कामात कोठे मोजला जात होता? समाजसहभागाच्या नव्या तरतुदीचे हेच होऊ द्यायचे नसेल, तर या प्रश्नांना आज भिडले पाहिजे.

या बाबतीत आपल्याच राज्यातील कृषी विद्यापीठांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील या विद्यापीठांचे अधिष्ठानच शिक्षण, संशोधन आणि विस्तार या तीन पायांवर आहे. विस्तार हे तेथे दानधर्माचे काम नाही. विद्यापीठात तयार झालेले वाण शेतकऱ्याच्या बांधावर टिकले नाही, तर ते संशोधन अपुरे मानले जाते. कृषी पदवीच्या विद्यार्थ्याला ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात जावे लागते, शेतकऱ्याबरोबर हंगाम समजून घ्यावा लागतो. या विद्यापीठांतही उणिवा आहेत, रिक्त पदे आहेत, शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत. तरीही शेतकरी हक्काने त्यांच्या दारात जाऊन ‘तुमचे बियाणे का उगवले नाही’ असे विचारू शकतो. असा हक्काचा प्रश्न इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या, वाणिज्याच्या किंवा अभियांत्रिकीच्या विभागाला विचारण्याची सोय समाजाला आहे का? ज्या दिवशी ती होईल, त्या दिवशी सामाजिक दायित्व हा शब्द वेगळा उच्चारण्याची गरज उरणार नाही.

दुसरे उदाहरण आपल्या वाचकांना परिचित आहे. हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे जन्मलेल्या नानाजी देशमुख यांनी वयाच्या साठीत सत्तेच्या राजकारणाला रामराम ठोकला आणि ग्रामविकासाला वाहून घेतले. १९९१ मध्ये चित्रकूट येथे ग्रामोदय विश्वविद्यालय उभे राहिले आणि नानाजी त्याचे पहिले कुलाधिपती झाले. त्याच परिसरात दीनदयाळ शोध संस्थानाने समाजशिल्पी दांपत्यांची योजना राबवली. पदवीधर पती-पत्नींनी गावात घर करायचे, आसपासच्या पाच गावांचा संसार आपला मानायचा आणि किमान पाच वर्षे तेथेच राहायचे. २०१९ मध्ये नानाजींना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. गौरव उचित होता. पण त्या योजनेतील सूत्र आपल्या विद्यापीठांनी घेतले का, हा खरा प्रश्न आहे.

ते सूत्र कालावधीचे आहे. पाच वर्षे राहणाऱ्याला गाव आपली दुखणी सांगते. सात दिवसांसाठी आलेल्यास गाव पाहुणचार करते. आणि एका दिवसाच्या सर्वेक्षणासाठी प्रश्नावली घेऊन आलेल्यास गाव ऐकू इच्छिलेले उत्तर देते. ‘गाव दत्तक घेतले’ हा शब्दप्रयोग आपण किती सहज करतो! ज्या गावाचे ग्रामदैवत, ज्याची जत्रा आणि ज्याची पंचक्रोशी विद्यापीठाहून कित्येक शतके जुनी आहे, त्याला दत्तक घेणारे आपण कोण? नालंदेच्या महाविहाराचा योगक्षेम त्याला लावून दिलेल्या गावांच्या उत्पन्नावर चाले, अशी नोंद ह्युएन्त्संगच्या चरित्रात आहे. तेथे गावाने विद्यापीठाला पोसले होते. आजही वेगळे काय आहे? अनुदानाचा प्रत्येक रुपया कोणाच्या तरी घामातूनच तिजोरीत आलेला असतो. या ऋणाची जाणीव मनात असली, तर विद्यार्थी गावात उपकारकर्त्याच्या आविर्भावात जाणार नाही. तैत्तिरीय उपनिषदात विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात दान कसे द्यावे हेही सांगितले आहे. ते विनयाने द्यावे, जाणतेपणाने द्यावे. आपण दीक्षान्त हा शब्द घेतला, झगे बदलून उपरणी आणली. तो विनयही आता यायला हवा.

परिवर्तनाची घाई आणि समाजमनाची तयारी यांत अंतर पडले की काय होते, याचा एक दारुण धडा महाराष्ट्राच्या विद्यापीठीय इतिहासात आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. निर्णय न्याय्य होता. बाबासाहेबांनी त्याच नगरात मिलिंद महाविद्यालय उभारून मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला होता. पण ठरावापाठोपाठ मराठवाड्यातील गावागावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार प्रत्यक्षात येण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्या विद्यापीठाच्या नावावरून हे घडले, त्याची महाविद्यालये त्याच तालुक्यांत होती, त्याचेच पदवीधर त्या गावांत राहत होते. दोन दशके उच्च शिक्षण देऊनही समरसतेचे शिक्षण त्या गावांपर्यंत पोहोचले नव्हते, ही वेदना आपण विसरता कामा नये. विद्यापीठाचे सामाजिक दायित्व म्हणजे केवळ बंधारे आणि वृक्षारोपण नव्हे. समाजातील दुरावा कमी करणे हे त्यातील सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक काम आहे.

मग हे परिवर्तन घडवायचे कसे? पहिली गोष्ट मोजणीची. संस्था जे मोजते, तेच माणसे करतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकपद्धती आणली. शोधनिबंधांना गुण मिळू लागताच पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. त्याला आवर घालण्यासाठी २०१८ मध्ये विश्वासार्ह नियतकालिकांच्या यादीची व्यवस्था करावी लागली आणि २०२५ मध्ये आयोगाने तीही मागे घेतली. समाजकार्याचीही अशीच यांत्रिक मोजणी सुरू झाली, तर किती कार्यक्रम, किती उपस्थिती, किती छायाचित्रे, एवढेच पाहिले जाईल. त्याऐवजी तीन-चार वर्षांनी त्या गावात काय टिकले हे पाहावे आणि ते सांगण्याचा अधिकार ग्रामसभेला किंवा शहरातील वस्तीच्या प्रतिनिधींना द्यावा. ज्यांच्यासाठी काम झाले, त्यांच्या साक्षीवाचून मूल्यांकन पूर्ण होऊ नये.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. राज्यातील असंख्य महाविद्यालये आज घड्याळी तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या भरवशावर चालली आहेत. त्यांना वर्गात शिकवलेल्या तासाचे मानधन मिळते. गावात घालवलेल्या दिवसाचे मानधन कोण देणार? ज्याची स्वतःची नोकरी पुढील जूनपर्यंत टिकेल की नाही हे ठाऊक नाही, त्याच्याकडून एका गावाशी पाच वर्षांचे नाते जोडण्याची अपेक्षा करणे हा उपहास आहे. रिक्त जागा भरणे हा केवळ शिक्षकांच्या संघटनांचा प्रश्न नाही, तो सामाजिक दायित्वाचाही प्रश्न आहे. केंद्रात आणि राज्यात आपल्या विचारांची सरकारे आहेत म्हणून हे सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. उलट आपल्या माणसांकडून अपेक्षा अधिक असते आणि ती स्पष्ट शब्दांत मांडणे हे हितचिंतकाचे कर्तव्य असते.

तिसरी गोष्ट आवाक्याची. मुंबई विद्यापीठाशी आठशेहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत. त्या सर्वांत एकाच दिवशी एकच उपक्रम सुरू करण्याचा मोह टाळला पाहिजे. ज्या महाविद्यालयांत इच्छाशक्ती असलेले दोन-चार प्राध्यापक आहेत तेथून आरंभ करावा, त्यांना वेळापत्रकात मोकळीक आणि हाती थोडा निधी द्यावा, त्यांच्या अनुभवातून रीत ठरू द्यावी आणि मग ती इतरत्र न्यावी. प्रत्येक महाविद्यालयाने परिसरातील दोनच गावे किंवा वस्त्या निवडाव्यात. पण विद्यार्थ्यांच्या तुकड्या बदलल्या तरी गाव बदलू नये. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी बचत गटांचे हिशेब लावून द्यावेत, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दर उन्हाळ्यात पाण्याची तपासणी करावी, मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्या गावाची बोली आणि ओव्या संग्रहित कराव्यात. विषय वर्गातलाच असेल आणि उपयोग गावाचा असेल.

या मार्गात दोन आक्षेप येतील. पहिला पालकांचा. मुलाला नोकरी मिळणार नसेल तर गावात जाऊन काय करायचे, असे ते विचारतील. त्यांना सांगावे लागेल, की अनोळखी माणसांशी बोलणे, अपुऱ्या साधनांत मार्ग काढणे आणि दिलेला शब्द पाळणे हे तेथेच शिकता येते, आणि कोणत्याही नोकरीत ते उपयोगी पडते. दुसरा आक्षेप वैचारिक वर्तुळातून येईल. विद्यापीठाची सामाजिक बांधिलकी म्हणजे व्यवस्थेविरुद्ध सतत घोषणा देणे, अशी एक समजूत काही नामवंत परिसरांत दीर्घकाळ जोपासली गेली. प्रश्न विचारणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे, त्याविषयी वाद नाही. पण समाजाला केवळ संघर्षाच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला समाज आपला वाटत नाही. विद्यार्थी हा उद्याचा नव्हे, तर आजचा नागरिक आहे, ही भूमिका अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने सातत्याने मांडली. नागरिकाला हक्क असतात तशी कामेही असतात. आणि जो नियम इतरांना, तोच आपल्यालाही. आपल्या विचारांच्या मंडळींनी विद्यापीठात पदे मिळवली आणि केवळ नावे, फलक व सोहळे बदलले, तर तेही परिवर्तन म्हणता येणार नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या स्वतःच्या सहभागाचा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठात ही निवडणूक झाली, तेव्हा मतदारयादीत सुमारे १३ हजार ४०० नावे होती. ज्या विद्यापीठातून दरवर्षी याच्या कित्येक पट विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात, तेथे एवढेच पदवीधर मतदार! आपण पदवी भिंतीवर लावतो, पण विद्यापीठाच्या कारभारात नाव नोंदवत नाही आणि मग विद्यापीठ समाजाचे राहिले नाही अशी तक्रार करतो. प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने पदवीधर मतदार म्हणून नोंदणी करावी. निवडून गेलेल्या प्रतिनिधींनी अधिसभेत निकालांच्या विलंबाबरोबरच आपल्या जिल्ह्यातील गावांचा हिशेबही मागावा. अर्थसंकल्पात विस्तारकार्यावर किती तरतूद आहे आणि त्यातील किती खर्च झाली, हा प्रश्न दरवर्षी विचारला जावा.

सेवाकार्यात वर्षानुवर्षे असलेल्या आपल्या कार्यकर्त्यांवर तर विशेष जबाबदारी आहे. वनवासी पाड्यांवर, शहरांतील सेवावस्त्यांत, भूकंपाच्या आणि पुराच्या वेळी त्यांनी जे नाते कमावले, ते कोणत्याही विद्यापीठाकडे नाही. जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटून ‘तुमचे विद्यार्थी आमच्याबरोबर पाठवा, आम्ही पाच वर्षे येथेच आहोत’ असे सांगणारा कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात निघाला पाहिजे. संघाच्या शताब्दीनिमित्त समरसता, पर्यावरण आणि नागरिक कर्तव्य यांसह पंचपरिवर्तनाचा आग्रह धरला गेला आहे. त्याला महाविद्यालयीन तरुणांशी जोडण्याची इतकी सोपी वाट पुन्हा मिळणार नाही.

नव्या धोरणाने विद्यापीठाच्या तटबंदीत एक दार केले आहे. ते दोन श्रेयांकांचे असल्यामुळे अरुंद आहे, पण उघडे आहे. येत्या चार-पाच वर्षांत त्यातून माणसे गेली-आली नाहीत, तर तेथे फायलींची थप्पी लागेल आणि दार कायमचे बंद होईल. मग पुढचा आयोग नेमला जाईल, तोही तीच शिफारस करील आणि आपण तिचेही स्वागत करू. तसे होऊ द्यायचे नसेल, तर येत्या जूनमध्ये आपल्या गावात, आपल्या वस्तीत कोणत्या महाविद्यालयाचे विद्यार्थी येणार आहेत, याची चौकशी आजच करावी. येणार असतील तर त्यांचे स्वागत करावे, त्यांना काम द्यावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा कधी येणार, हे त्यांना निरोप देतानाच विचारून ठेवावे.